ऊन लागलेल्याला ते कळत नाही

दाढ दुखते तेव्हा ज्याची दुखते त्यालाच ते आधी कळतं. उन्हाच्या आजाराचं तसं नाही. अंगातली उष्णता चढत जाते तसा मेंदू मंदावतो, आणि आपलं काहीतरी बिघडलंय हे ओळखायला जी समज लागते तीच जागेवर राहत नाही. ‘मला काही झालं नाही, एवढं उरकतो’ असं सांगणारा माणूस थोड्या वेळात कोसळतो तो याचमुळे. त्याला ‘स्वतःची काळजी घे’ असं कितीही बजावलं तरी एका टप्प्यानंतर ते त्याच्या हातात नसतं. म्हणून पाणी, टोपी, सावली या सगळ्यांच्या आधी माझं एकच सांगणं आहे: कडक उन्हात कुणी एकटं राहू नये आणि प्रत्येकावर दुसऱ्या कुणाची तरी नजर असावी. शेतात, बांधकामावर, लग्नाच्या मांडवात आणि घरात एकट्या राहणाऱ्या आजीच्या खोलीतही.

बांधकामावर स्लॅब टाकायचा दिवस डोळ्यांसमोर आणा. चंद्रपूर, नागपूर, अकोला, वर्धा या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास खेळतो. मिक्सर एकदा सुरू झाला की काँक्रीट अर्ध्यावर सोडता येत नाही, त्यामुळे घमेली हातोहात वर चढत राहतात. सकाळपासून नीट काम करणारा एक गडी दुपारी चिडचिड करू लागतो. त्याच्या हातून घमेलं निसटतं. हाक मारली तर ‘हो’ म्हणतो, पण वळून बघत नाही. मग भरलेलं घमेलं घेऊन तो भलत्याच दिशेला चालू लागतो. बाकीचे हसतात, सकाळीच प्यायला असेल म्हणतात. मुकादम ओरडतो. त्या माणसाचा जीव वाचणार की नाही हे ठरतं ते या पाच-दहा मिनिटांत.

उन्हात काम करणारा माणूस विचित्र वागू लागला, असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो उष्माघातच आहे असं धरून चालायचं. त्याला नाव विचारा, गाव विचारा, आज वार कोणता ते विचारा. उत्तर अडखळलं किंवा चुकलं तर वेळ दवडू नका. यात पुष्कळांची एक फसगत होते. उष्माघातात घाम थांबतो आणि कातडी कोरडी पडते असं आपण ऐकलेलं असतं. घरात बसून उकाड्याने आजारी पडलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत ते बहुतेक वेळा खरं असतं. कष्टाचं काम करताना ज्याला ऊन लागतं तो मात्र घामाने निथळत असतानाही उष्माघातात जाऊ शकतो. घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नका. डोकं ठिकाणावर आहे का, एवढंच बघा.

आधी गार करा, मग हलवा

उष्माघातात शरीराच्या आतलं तापमान ४० अंश सेल्सिअस किंवा त्याच्या वर गेलेलं असतं. मेंदू, यकृत, मूत्रपिंडं आणि स्नायू या उष्णतेने अक्षरशः निकामी होऊ लागतात. किती वर गेलं यापेक्षा किती वेळ वर राहिलं यावर नुकसान अवलंबून असतं. अर्ध्या तासाच्या आत ते ३९च्या खाली आणता आलं तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते. गावातून तालुक्याच्या दवाखान्यात पोचायलाच अर्धा तास जातो. म्हणजे खरा उपचार रुग्णवाहिका येण्याआधी, जिथे माणूस पडला तिथेच सुरू व्हायला हवा.

एकाने १०८ला फोन लावायचा. बाकीच्यांनी त्याला सावलीत आणून सदरा, बनियन, बूट, पट्टा काढायचा. बाईमाणूस असेल तर साडी सैल करून अंगावर ओली चादर टाका, पण संकोचापायी थांबू नका. मग पाणी. तोंडावर शिंपडण्याइतकं पाणी इथे काही कामाचं नाही, बादल्याच्या बादल्या ओता. बांधकामावर पाण्याचा हौद असतो, ड्रम असतात, पाईप असतो. शेतावर मोटर असते. डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतत राहा आणि पुठ्ठ्याने, सुपाने, पंख्याने, जे हाताशी असेल त्याने वारा घाला. टाकीत किंवा हौदात गळ्यापर्यंत बसवता आलं तर त्याहून चांगलं, मात्र दोघांनी त्याला धरून ठेवलं पाहिजे आणि डोकं पाण्याबाहेर राहिलं पाहिजे. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत आणि जांघेत लावा. तिथे मोठ्या रक्तवाहिन्या कातडीजवळ असतात. माणूस शुद्धीवर येऊन नीट बोलू लागेपर्यंत किंवा रुग्णवाहिका येईपर्यंत हे चालू ठेवा. खासगी गाडीने न्यायची वेळ आली तर ओली चादर अंगावर, काचा खाली, आणि वाटेतही पाणी ओतणं चालूच.

‘तापलेल्या अंगावर एकदम गार पाणी ओतलं तर सर्दगरम होईल, झटका येईल’ ही भीती आपल्याकडे खोल रुजलेली आहे. ती मनातून काढून टाका. या घडीला त्या माणसाला धोका आहे तो उष्णतेचा. गार पाणीच त्याचं औषध आहे.

तो पूर्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका. पाणी, लिंबूसरबत, काहीही श्वासनलिकेत जाऊ शकतं. उलटी होत असेल किंवा बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा. तापाची गोळी देऊ नका. साध्या तापात शरीराने स्वतःच आपली पातळी वर नेलेली असते, तिथे पॅरासिटामॉल चालतं. उष्माघातात त्याचा उपयोग नाही, उलट आधीच होरपळलेल्या यकृतावर भार पडतो. हातावर कांदा चोळणं किंवा तो हुंगायला देणं यातही वेळ घालवू नका. खिशात कांदा ठेवून उन्हात जायची जुनी सवय कुणाला असेल तर त्याने अपाय होणार नाही, पण त्या कांद्याच्या भरवशावर दुपारभर राबू नये.

याच्या अलीकडची पायरी म्हणजे उन्हाने आलेला थकवा. डोकं जड होतं, चक्कर येते, मळमळतं, घामाच्या धारा लागतात, पोटऱ्यांत गोळे येतात. पण बोलणं शुद्धीतलं असतं. अशा माणसाचं काम तिथेच थांबवा. सावलीत पाय थोडे उंच करून निजवा, अंग ओलं करा, घोट घोट ओआरएस पाजा. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही, उलट्या होऊ लागल्या किंवा बोलणं बिघडलं तर लगेच दवाखाना. बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा कामाला उभं राहायचं नाही.

पारा कमी असला तरी

आपल्याकडे उन्हाळ्याची चर्चा आकड्यांभोवती फिरते. ब्रह्मपुरीला किती, चंद्रपूरला किती. हवामान विभाग मैदानी भागात ४० अंश किंवा त्याहून जास्त तापमान असेल आणि ते नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी चढलेलं असेल तर उष्णतेची लाट मानतो. ४५ गाठलं तर ती लाटच, ४७ म्हणजे तीव्र लाट. किनाऱ्यावर मात्र ही सीमा ३७ अंशांवरच सुरू होते. या फरकामागचं कारण प्रत्येक कोकणवासीयाने आणि गोवेकराने नीट समजून घ्यावं.

हवा अंगापेक्षा गरम झाली की शरीराकडे उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग उरतो, घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि कडक उन्हात कष्टाचं काम करणाऱ्याला तासाला एक लिटरपर्यंत घाम सहज येतो. पण अट एकच, तो वाळला पाहिजे. टपकून जमिनीवर पडलेल्या घामाने शरीर गार होत नाही. विदर्भाच्या कोरड्या हवेत घाम आल्याआल्या वाळतो, म्हणून तिथे शरीर जास्त पारा सोसतं. आणि घाम दिसतच नसल्याने किती पाणी गेलं ते लक्षातही येत नाही. रत्नागिरी, मुंबई, पणजी इथल्या दमट हवेत घाम अंगावर नुसता चिकटून राहतो. पाणी जातं, मीठ जातं, गारवा काही मिळत नाही.

१६ एप्रिल २०२३ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखोंचा जमाव सकाळपासून उघड्यावर बसला होता. पारा चाळिशीच्या खालीच होता, आणि तरीही १४ माणसं दगावली. थेट ऊन, दमट हवा, गर्दी आणि तासन्‌तास एका जागी बसून राहणं, एवढं पुरलं.

आणखी एक लक्षात ठेवा. बातम्यांत जो आकडा येतो तो झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत मोजलेला असतो. स्लॅबवर, डांबरी रस्त्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये तुमच्या अंगाला लागणारी झळ त्याहून कितीतरी जास्त असते. सूर्य डोक्यावर येतो बाराच्या पुढे, पण हवा सगळ्यात जास्त तापते ती दोन ते चारच्या दरम्यान. ‘बाराचं ऊन टळलं’ म्हणून तीनला बाहेर पडणं म्हणूनच महागात पडतं.

पाणी आणि मीठ

तहान लागली की पाणी प्यावं, हे सावलीत बसणाऱ्याला पुरेसं आहे. उन्हात राबणाऱ्याला नाही, कारण तहान जाणवेपर्यंत शरीरातलं पाणी कमी झालेलंच असतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, असा हिशेब ठेवावा. दोन तासांनी एकदम तांब्याभर प्यायल्याने ते भरून निघत नाही. उलट तासाला दीड लिटरहून जास्त पाणी ढोसणंही धोक्याचं; त्याने रक्तातलं मीठ पातळ होतं. लघवीकडे लक्ष ठेवणं हा सगळ्यात सोपा उपाय. ती फिकट पिवळी आणि पुरेशी होत असेल तर ठीक, गडद आणि थोडी होत असेल तर पाणी कमी पडतंय. चहासारखी काळपट लाल दिसली तर स्नायूंना इजा झालेली असू शकते, डॉक्टरांकडे जा.

बायकांच्या बाबतीत इथे एक बोचरी अडचण आहे, आणि ती बायकांनी सोसायची गोष्ट नव्हे. रोजंदारीवर जाणाऱ्या कित्येकजणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, कारण कामाच्या जागी मोरी नाही, आडोसा नाही. लघवीचे आजार, मूतखडे आणि चक्कर येऊन पडणं यांचं मूळ पुष्कळदा तिथे असतं. ‘भरपूर पाणी प्या’ असं त्यांना सांगणाऱ्या ठेकेदाराने आधी चार बांबू आणि ताडपत्रीचा आडोसा उभा करावा.

दिवसभर नेहमीचं जेवण आणि पाणी पोटात जात असेल तर साध्या माणसाला वेगळ्या मिठाची गरज नसते. तास-दोन तासांहून जास्त घाम गाळायचा असेल तेव्हा मात्र मिठाचंही बघावं लागतं. मीठ घातलेलं ताक, ज्वारीची किंवा नाचणीची आंबील, उकडलेल्या कैरीचं पन्हं, कोकम सरबत ही आपल्या घरची पेयं याच कामाची. न्याहारीला आंबील पिऊन शेतावर जाण्याची रीत ज्यांनी घातली त्यांना शरीराचं गणित चांगलं कळत होतं. पन्ह्यात साखर किंवा गूळ बेताने घाला, मीठ विसरू नका.

ओआरएसची पुडी तर प्रत्येक घरात आणि प्रत्येक कामाच्या जागी असावीच. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत पटकी पसरली आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. तीच ही पुडी. ती मोठी असेल तर एक लिटर पाण्यात, लहान असेल तर २०० मिलिलिटर पाण्यात घालायची. किती पाण्यात ते पुडीवर छापलेलं असतं, ते वाचा. अर्धी पुडी, अंदाजे पाणी असं करू नका. केलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्या. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दुकानात खोक्यांतून मिळणारी रंगीत गोड पेयं ओआरएस म्हणून घेऊ नका. त्यांत साखर फार आणि मीठ कमी असतं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मीठ आणि पाणी दोन्हींचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

रसवंतीतला रस प्यायला हरकत नाही, पण बर्फ टाळा. तो कुठल्या पाण्याचा असतो सांगता येत नाही, आणि उन्हाळ्यात लागलेली हगवण शरीरातलं उरलंसुरलं पाणीही काढून घेते. दारूने लघवी वाढते आणि समजही कमी होते. उन्हाच्या दिवसांत ती दुहेरी घातक.

नव्या माणसाला पहिला आठवडा जपा

शरीर उन्हाला सरावतं. घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जातं, हृदयावरचा ताण हलका होतो. याला एक ते दोन आठवडे लागतात. कामाच्या जागी उन्हाने दगावणाऱ्यांत पहिल्या काही दिवसांतलीच माणसं जास्त असतात. थंड हवेच्या मुलखातून आलेला मजूर, आजारपणातून उठलेला गडी, महिनाभराच्या सुट्टीनंतर परतलेला वॉचमन, पोलीस भरतीसाठी अचानक धावायला लागलेला मुलगा, हे सगळे यात येतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाचा साधारण पाचवा हिस्सा द्यावा आणि रोज थोडं थोडं वाढवावं. ही सवलत वाटत असेल तर हिशेब करून बघा, एक माणूस पडला की सगळ्यांचंच काम बंद पडतं.

वेळ बदलणं हा कामाच्या जागचा सगळ्यात मोठा उपाय. गोंदिया-गडचिरोलीकडे तेंदूपत्ता तोडणारी माणसं उजाडण्याआधी जंगलात असतात आणि ऊन चढायच्या आत पानं घेऊन घरी परततात; पुडे बांधायचं काम सावलीत चालतं. स्लॅबही पहाटे चारला सुरू करता येतो. नांगरट-वखरणी सकाळी दहाच्या आत किंवा पाचनंतर. दुपारी जे टाळताच येत नाही तिथे तासाला निदान दहा-पंधरा मिनिटं सावलीची विश्रांती, आणि ती सगळ्यांनी एकदम घ्यायची. ज्याला दम लागला त्याने बसावं, असं ठेवलं की कुणीच बसत नाही. दुसरे आपल्याला कामचुकार म्हणतील याची लाज वाटते. पाणी, सावली आणि प्रथमोपचार पेटी या गोष्टी रोजगार हमीच्या नियमांत सुरुवातीपासून आहेत. त्या मागून घ्या.

दोघादोघांच्या जोड्या लावा आणि जोडीदाराने अधूनमधून दुसऱ्याशी दोन शब्द बोलायचे. उगाच गप्प झालेला, उगाच चिडलेला किंवा अचानक हसायला लागलेला माणूस ओळखायचा तो असाच. कपडे सैल, फिकट, सुती, पूर्ण बाह्यांचे. डोक्याला ओला दुपट्टा बांधला तर तो सुकण्याआधी पुन्हा ओला करा.

घर, पत्रा आणि कुलर

उन्हाने होणारे पुष्कळ मृत्यू घरात होतात, आणि ते कुणाच्या मोजदादीतही येत नाहीत, कारण कागदावर कारण हृदयविकाराचं लिहिलं जातं. अहमदाबादमध्ये मे २०१०च्या लाटेत पारा ४६.८ला पोचला, आणि त्या महिन्यात आधीच्या वर्षांच्या मानाने १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं नंतरच्या अभ्यासातून दिसलं. त्यातूनच २०१३ साली त्या शहराने दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. पांढरी छपरं हा त्यातला एक साधा भाग. पत्र्यावर किंवा गच्चीवर चुन्याचे किंवा पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले की आतलं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरतं. खर्च थोडा, आणि उन्हाळा लागण्यापूर्वी घरच्या माणसांनी एका सकाळी उरकता येण्यासारखं काम.

पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून गोणपाट किंवा चटई टांगा. आतल्या पडद्यापेक्षा बाहेरचा आडोसा कितीतरी उपयोगी, कारण काच तापण्याआधीच ऊन अडतं. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम आहे तोवर खिडक्या बंद, संध्याकाळी बाहेर निवलं की सगळ्या उघड्या. रात्री शरीराला निवायला मिळालं नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन जास्त बाधतं. रात्री गच्चीवर झोपण्याची सोय असेल तर तिचा उपयोग करा.

पंखा चाळिशीपर्यंत कामाचा. त्याच्यावर हवा गेली की कोरड्या अंगावर पंखा म्हणजे गरम झळ मारणं. अंग ओल्या फडक्याने पुसून मग पंख्याखाली बसा. कुलर कोरड्या हवेतच चालतो, आणि त्यालाही समोरची खिडकी थोडी उघडी लागते. बंद खोलीत तो नुसता दमटपणा भरतो. विदर्भ-मराठवाड्यात दर उन्हाळ्यात कुलरचा शॉक लागून माणसं आणि लहान मुलं जातात. पाणी भरण्याआधी स्विच बंद करून प्लग काढायचा, अर्थिंग तपासून घ्यायचं, ओल्या हाताने किंवा अनवाणी हात लावायचा नाही. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून वाळवा, नाहीतर त्यात डेंग्यूचे डास होतात.

आता घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे या. वय झालं की तहान कमी लागते, घाम कमी येतो. त्यात गुडघे दुखत असतात, मोरी अंगणापलीकडे असते, म्हणून आजी मुद्दाम पाणी कमी पिते. रात्री उठायला नको. माठ ओट्याच्या कोपऱ्यात आणि ती खाटेवर. तिच्या हाताशी झाकणाचा तांब्या ठेवा, त्यात किती उरलंय ते दुपारी आणि संध्याकाळी बघा, आणि लघवीला नेण्यासाठी कुणीतरी आहे असा तिला भरवसा द्या. मुलं शहरात असतील तर दुपारी चारच्या सुमाराला फोन करा. ‘कशी आहेस’ याला ‘बरी आहे’ हेच उत्तर मिळतं. ‘जेवलीस काय, आज वार कोणता’ असं विचारा. अडखळलेलं उत्तर ऐकलं की शेजाऱ्याला लगेच पाठवा.

लघवी होण्याच्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, मानसिक आजाराची काही औषधं आणि सर्दीच्या गोळ्याही उन्हाला तोंड द्यायची शरीराची ताकद कमी करतात. त्या आपणहून बंद करायच्या नाहीत. उन्हाळा लागताच डॉक्टरांना चिठ्ठी दाखवून विचारायचं. फ्रीज नसेल तर इन्सुलिनची बाटली पिशवीत घालून मातीच्या ओल्या भांड्यात ठेवा.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नको, अंगावरचं दूध जास्त वेळा पाजा. गरोदर बाईला उन्हात ताण पडला तर बाळंतपण दिवस भरण्याआधी होण्याचा धोका वाढतो. आणि उभ्या गाडीत मूल एक मिनिटही सोडू नका. काच थोडी खाली केल्याने फरक पडत नाही, दहा मिनिटांत आतलं तापमान दहा अंशांनी चढू शकतं.

लग्नं

मे महिन्यातली दुपारची लग्नं हा आपण आपल्या हाताने ओढवून घेतलेला धोका आहे. साडेअकराचा मुहूर्त, प्रत्यक्षात लग्न लागतं दीडला, तोवर वरात रस्त्यावर. बँडवाले जाड गणवेशात, डोक्यावर फेटे, मुलं नाचतायत, वऱ्हाडी पत्र्याच्या किंवा कापडाच्या मांडवाखाली. गोरज मुहूर्त धरा. दिवसाचाच हवा असेल तर सकाळी नऊच्या आत लावा, आणि वरात असलीच तर दोनशे पावलांची. बँडवाल्यांना, घोडेवाल्याला, वाढप्यांना आणि चुलीपाशी उभ्या असलेल्या आचाऱ्याला पाणी कोण देणार, हे एका माणसाचं नाव घेऊन ठरवा. यजमानाने आल्यागेल्याचं पाहावं तसं त्यांचंही पाहावं. सभा, यात्रा, मिरवणुका यांनाही हेच लागू.

शेवटचं एक. उष्माघातातून वाचून घरी आलेल्या माणसाबद्दल आपल्याकडे पुरेसं बोललं जात नाही. ताप उतरला, बोलायला लागला, की दोन दिवसांत तो पुन्हा कामावर उभा राहतो. तसं होऊ देऊ नका. स्नायू आणि मूत्रपिंडं यांना झालेली इजा लगेच दिसत नाही, म्हणून दवाखान्यातून निघताना रक्त आणि लघवीची तपासणी पुन्हा कधी करायची ते विचारून घ्या. पुढचे काही आठवडे त्याचं शरीर उन्हाला नेहमीपेक्षा लवकर हार खातं. डॉक्टरांनी मोकळं केल्यावरही कामावर परतताना तो नवा माणूसच धरायचा, पहिल्या दिवशी पाचवा हिस्सा, आणि सोबत असा जोडीदार ज्याला झालेलं सगळं माहीत आहे.